रिपीटरांचे सर

आमचे सर म्हणत, पहिल्यांदा शिकायला येणाऱ्याला शिकवणं सोपं असतं. त्याची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, मोकळी असते, चिखलणी केली, रोवणा लावला की झालं. दुसऱ्यांदा येणाऱ्याच्या बांधीत आधीच काहीतरी उगवलेलं असतं आणि ते धान आहे की करगा, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. करगा म्हणजे धानासारखंच दिसणारं जंगली रोप. लोंबी धरेपर्यंत भल्याभल्यांना ओळखू येत नाही. एवढं बोलून सर आमच्याकडे असे बघायचे, की आपल्या डोक्यातूनच करगा वर आलाय असं वाटून माणूस केसांवरून हात फिरवायचा.

आम्ही दुसऱ्यांदा आलेले होतो. तालुक्याच्या गावातलं कॉलेज, एकमजली इमारत, मागे धानाच्या बांध्या आणि बांध्यांच्या पलीकडे लगेच मोहाची झाडं. रेग्युलर पोरं अकराला येत. त्याआधी सकाळी सातला आमची बॅच भरायची. नोकरीवाले, लेकुरवाळे, डोळ्यांत अर्धी झोप असलेले असे आम्ही सात-आठ जण. सगळे दवाखान्याच्या कुठल्या ना कुठल्या कामात होतो आणि सगळ्यांना पुढचं काही शिकायचं होतं. लोमेशभाऊ रुग्णवाहिका चालवायचे. गाडी चालवता चालवता त्यांच्या लक्षात आलं होतं, की पेशंट वाटेत मरत नाही, दवाखान्याच्या दारात मरतो, म्हणून त्यांना रुग्णालय-व्यवस्थापन शिकायचं होतं. मला सार्वजनिक आरोग्य शिकायचं होतं.

मी सिकलसेलच्या कामावर कंत्राटी समुपदेशक होते. गावोगावी जाऊन लग्न ठरलेल्या पोरापोरींना रक्त तपासून घ्या म्हणून सांगायचं, हे माझं काम. लोक ऐकून घेत आणि मग एक-दोन असे प्रश्न विचारत, की मला म्हणावं लागे, "डॉक्टरांना विचारा." हे वाक्य म्हणून म्हणून मला स्वतःचा वीट आला होता. नागपूरला या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता आणि त्याची अट होती, बी.एस्सी.ला निदान दुसरा वर्ग. माझा तिसरा होता, आणि केमिस्ट्रीनं पाय ओढून खाली आणलेला होता. खरं सांगायचं तर पहिल्या खेपेस बी.एस्सी. मी केली नव्हती, ती माझ्या हातून झाली होती.

विद्यापीठाची श्रेणीसुधाराची सोय होती. विषय पुन्हा द्या, प्रॅक्टिकलसकट द्या, मार्क वाढले तर नवे धरू. पण ही मुभा आयुष्यात एकदाच. घरीही तसंच ठरलं होतं. नवरा एस.टी.त कंडक्टर, स्वभावानं भला. म्हणाला, एकदा करून पाहा, मी पोरीला सांभाळतो, पण नाई झालं तं मंग हे खूळ सोडाचं. मी हो म्हटलं होतं.

तर सर. रोड, उंच, मान पुढे काढून चालणारे. गोंडपिपरीकडून जुन्या मोपेडवर येत आणि हेल्मेट घालूनच प्रयोगशाळेत शिरत. मग ते काढून टेबलावर उलटं ठेवत आणि म्हणत, "फोन हेल्मेटात, डोस्कं बाहेर." सगळ्यांचे फोन हेल्मेटात पडले की तास सुरू. एकदा तासाच्या मधेच लोमेशभाऊंच्या फोनवर रुग्णवाहिकेचा कॉल आला. हेल्मेट थरथरू लागलं, तर सरांनी ते दोन्ही हातांनी उचलून पूजेच्या ताटासारखं त्यांच्यापुढे धरलं. आजारी माणसापुढे केमिस्ट्री नाही, एवढा एकच अपवाद त्यांनी मान्य केला होता.

ते कॉलेजात तासिकेवर होते, म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे. रिपीटरांची बॅच दुसरं कुणी घेईना, म्हणून ती त्यांच्या गळ्यात आली होती. पण ती त्यांनी अशी काही मिरवली, की जणू कॉलेजातलं सगळ्यात मानाचं पान तेच. स्वतः ते कधी नापास झाले नव्हते आणि याची त्यांना मनापासून खंत होती. म्हणत, "मले दुसऱ्यांदा शिकाले भेटलंच नाई."

पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. एकेकाला उभं करून विचारलं, गेल्या खेपेस काय चुकलं. लोमेशभाऊ म्हणाले, पेपर कठीण होता. सर म्हणाले, पेपर सगळ्यांना तोच होता, बसा. माझी पाळी आली. मी म्हटलं, लक्ष नव्हतं.

"लक्ष होतं," सर म्हणाले. "कुठी होतं थे सांगा."

आता एवढ्या लोकांत काय सांगायचं? पण ते वाट बघत उभे. शेवटी मी खरं ते सांगून टाकलं, की त्या वर्षी माझं लग्न आळीपाळीनं ठरत होतं आणि मोडत होतं. वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी चौकशी केली, मग आता? मी म्हटलं, झालं सर. "मंग काही अडचन नाई," म्हणून त्यांनी मला बसायची खूण केली. माझ्या सासूनंसुद्धा हा विषय इतक्या झटपट निकालात काढला नव्हता.

शाबासकी देणं त्यांना जमत नसे. उत्तर बरोबर आलं, की फळ्याकडे बघून म्हणत, "राहू द्या." म्हणजे पुसू नका. या "राहू द्या"साठी आम्ही, पोराबाळांचे आईबाप, असे धडपडायचो की काही विचारू नका. लोमेशभाऊंना पहिलं "राहू द्या" मिळालं, त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना टपरीवर चहा पाजला.

सरांचा खरा वैरी म्हणजे निरीक्षण न करता लिहिलेलं निरीक्षण. आमच्याकडच्या प्रॅक्टिकल परीक्षेची जुनी रीत अशी, की बाहेरून परीक्षक येतात, त्यांच्यासाठी गावरान कोंबडी शिजते आणि ती शिजेपर्यंत कुणाला कोणता क्षार दिलाय, ते कुजबुजत टेबलाटेबलापर्यंत पोचलेलं असतं. मग पोरं आधी उत्तर लिहितात, त्यानंतर उत्तराला शोभतील अशी निरीक्षणं. पांढरा साका आला, वायू सुटला, निळा रंग झाला. टेस्ट ट्यूब मात्र कोरडी ठणठणीत. यात कुणाला काही गैर वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. पहिल्या खेपेस मी तेच केलं होतं आणि चांगले मार्क पाडून घेतले होते. थिअरीत काही कुजबुजत येत नाही, म्हणून तिथे आपटले.

सर याला "मयताची तपासणी" म्हणत. माणूस मेल्यावर रोग सांगायला डॉक्टर कशाला हवा, असं त्यांचं म्हणणं. आणि या बाबतीत दवाखान्याची माणसं त्यांना सगळ्यात जास्त गुन्हेगार वाटत. त्यालाही कारण होतं. एकदा त्यांना गरगरल्यासारखं झालं, म्हणून ते एका दवाखान्यात गेले. तिथल्या सिस्टरनं केसपेपरवर नाव लिहिलं, वय लिहिलं आणि त्याच ओघात ब्लडप्रेशर एकशेवीस-ऐंशी असं लिहून टाकलं. सर म्हणाले, सिस्टर, पट्टा तर बांधलाच नाही. त्या म्हणाल्या, बाबाजी, तुमचं तोंडच सांगते का नॉर्मल आहे. हा किस्सा सरांनी आम्हाला इतक्यांदा सांगितला, की सिस्टरचं वाक्य आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो. सर म्हणायचे, हसू नका, तुम्हीच आहा थे.

खरंच आम्हीच होतो. पण निरीक्षण करायचं म्हणजे काय, हे त्यांनी ज्या पद्धतीनं शिकवलं, ती पद्धत मात्र जगावेगळी होती. रसायनाचा वास आला, की पुस्तकातला शब्द वापरायचा नाही. "सडक्या अंड्यासारखा" म्हटलं, की विचारत, सडकं अंडं शेवटचं कधी फोडलं होतं? मग आपला आपला शब्द शोधायचा. टेस्ट ट्यूब हातोहात फिरायची, सर समोर उभे राहून एकेकाला विचारायचे, "वास कसा? सांगा. अजून सांगा." हायड्रोजन सल्फाइडला कुणीतरी म्हटलं, तलाव आटल्यावर मासे धरायला गाळात हात घालतो, तसा. अमोनियाला लोमेशभाऊंनी बस-स्टँडच्या मुतारीची उपमा दिली आणि ती एकमतानं मंजूर झाली. अ‍ॅसिटेटचा वास मी सांगितला. माझं माहेर सिरोंच्याकडचं, तिकडे ताडी असते. मी म्हटलं, शिळ्या ताडीसारखा, दुपारपर्यंत उन्हात राहिलेल्या.

"राहू द्या," सर म्हणाले. तेवढ्यावर माझा तो आठवडा गेला.

आम्हाला वाटे, केवढी ही शिकवण्याची तऱ्हा. मार्च लागला आणि खरी गोष्ट उघडी पडली. मागच्या झाडांची मोहफुलं पडू लागली होती. बाया पहाटे वेचून आणत आणि कॉलेजच्या कुंपणापलीकडे वाळत घालत. खिडक्या उघडल्या, की आंबूस-गोड वास अंगावर यायचा, एखाद्याचं डोकं जड व्हावं इतका. सकाळच्या तासाला तर आम्ही नाकाला रुमाल लावून बसायचो. अशात एक दिवस सर खिडकीशी उभे राहून सहज म्हणाले, यंदा मोह उशिरा दिसतो, अजून पडला नाही.

लोमेशभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. तास सुटल्यावर आम्ही दोघं मागे थांबलो. दवाखान्याची माणसं आम्ही, लक्षण दिसलं की विचारल्याशिवाय राहवत नाही. मी विचारलं, सर, कधीपासून? त्यांनी आधी हेल्मेट पुसलं, मग काच पुसली आणि मग सांगितलं. कोरोना झाला तेव्हा वास गेला, सगळ्यांचा परत आला, यांचा नाही आला. घरी दोनदा वरण जळून कोळसा झालं आणि हे शेजारच्या खोलीत पेपर तपासत बसलेले.

मी म्हटलं, यात लाजायचं काय आहे, नागपूरला तपासून घेऊ.

"लाज नाई वो बाई," ते म्हणाले. "पन केमिस्ट्रीच्या मास्तरले नाक नाई, हे पोट्ट्यायले सांगाचं कसं? अकराच्या तासापासून मले बिननाक्या म्हनतीन."

आम्ही कुणाला सांगणार नाही, असं कबूल केलं. त्यानंतर "वास कसा? सांगा" म्हणून ते समोर येऊन उभे राहिले, की मला जास्त नीट सांगावंसं वाटे. घरी नवऱ्याला मी भाजीचासुद्धा वास वर्णन करून सांगू लागले, तेव्हा तो म्हणाला, परीक्षा लवकर होऊन जाऊ दे.

थिअरीचे पेपर झाले. बरे गेले, पण अगदी बरेच, त्याहून जास्त नाहीत. हिशेब करून पाहिला तेव्हा कळलं, की दुसरा वर्ग आता प्रॅक्टिकलवर टांगलेला आहे. तिथे ढासळले, तर नागपूर संपलं. दुसरी संधी नव्हती.

प्रॅक्टिकलच्या दिवशी सर सगळ्यांच्या आधी आले होते. शिपायाला त्यांनी बाहेर पाठवलं, कपाटातल्या बाटल्या स्वतः काढल्या, क्षारांच्या पुड्या स्वतः बांधल्या, वर नंबर टाकले. कुठल्या नंबरात काय आहे, हे मात्र कुठेही लिहिलं नाही. लिहिलं की फुटते, असा त्यांचा सिद्धांत. सगळं डोक्यात ठेवलं. त्यामुळे कॉलेजच्या इतिहासात प्रथमच कोंबडी शिजत आली, तरी कुजबुज सुरू होईना. पोरं हवालदिल होऊन शिपायाकडे बघत, शिपाई सरांकडे बघे आणि सर छताकडे.

परीक्षक चंद्रपूरहून आले होते. भारदस्त माणूस, पंख्याखालची खुर्ची धरून बसलेले. दुपारी त्यांना राजुऱ्याला दुसरीकडे जायचं होतं, त्यामुळे ते घड्याळाकडे आणि स्वयंपाकाच्या बाजूकडे आलटून पालटून पाहत होते. टेबलांकडे मात्र ते एकदाही फिरकले नाहीत.

माझ्या पुडीत पांढरी पूड होती. ज्योतीत पिवळा रंग आला, म्हणजे सोडियम. पुढचा भाग अडला. नायट्रेटसाठी रिंग टेस्ट करून पाहिली, रिंग येईना, पुन्हा केली, येईना. मग काचेच्या बशीत पूड घेऊन ऑक्झॅलिक अ‍ॅसिडशी चोळली आणि वाकले, तर वास आला. शिळी ताडी. शंकाच नव्हती. खात्रीची चाचणी फेरिक क्लोराइडची, पण ती बाटली तळापर्यंत कोरडी होती. नाकावर विश्वास ठेवून मी सोडियम अ‍ॅसिटेट लिहिलं आणि पेपर दिला.

परीक्षक एकेकाचं उत्तर वाचत गेले आणि सर डोळे मिटून आपल्या डोक्यातलं उत्तर सांगत गेले. लोमेशभाऊंचं जुळलं. काहींचं जुळलं नाही. माझा नंबर आला.

"सोडियम नायट्रेट," सर म्हणाले.

परीक्षकांनी पेन टेकवलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, सर, हे नायट्रेट नाही, रिंग आली नाही. परीक्षक समजुतीनं म्हणाले, रिंग सगळ्यांचीच बिघडते. मी म्हटलं, पण वास आहे, शिळ्या ताडीसारखा. त्यावर ते हसले. पुस्तकात व्हिनेगर लिहिलंय म्हणाले, ताडी कुठल्या लेखकानं लिहिली? वर्गही थोडा हसला. मग उशीर होतोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं. बशी सरांपुढे सरकवून ते म्हणाले, "तुमचीच विद्यार्थिनी आहे सर. तुम्हीच वास घ्या अन् सांगून टाका. तुम्ही म्हणाल ते लिहितो."

सरांनी बशी उचलून नाकाशी नेली.

मला त्या क्षणी काय वाटत होतं, ते स्पष्टच सांगते. हो म्हणा. सर, एकदा हो म्हणा. त्यांना ठाऊक होतं, की मी वास खोटा सांगत नाही. महिनोन् महिने त्यांनी माझ्या नाकावर भरवसा ठेवला होता. एक शब्द बोलायचा होता फक्त, कुणाला कधी कळलंही नसतं. लोमेशभाऊ टेबलाची कड धरून उभे होते, त्यांच्याही मनात तेच असणार.

सरांनी बशी खाली ठेवली.

"मले वास येत नाई," ते म्हणाले. "या बशीचाच नाई, कशाचाच येत नाई. कोरोनात गेला, थो गेलाच. माझी साक्ष धरू नका."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन् हसलं. परीक्षकांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. म्हणाले, ठीक आहे, मग तुम्ही सांगितलेलं उत्तरच धरतो, नायट्रेट.

"थेही धरू नका," सर म्हणाले. "दोन बाटल्यायचे लेबल कसरीनं खाल्ले होते. जागेवरून वळखून काढल्या म्या. नाक असतं तं झाकन उघडल्याबरोबर समजलं असतं. कोनती कोनाच्या पुडीत गेली, मले आता छातीठोक सांगता येत नाई."

परीक्षक आता खरंच चिडले. कोंबडी शिजल्याचा निरोप येऊन गेला होता. ते म्हणाले, तुमचं नाक नाही, तुमची बाटली नक्की नाही, मग मी लिहू काय? सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, फेरिक नाई तं ईस्टर टेस्ट करा. अन् वास साहेबायनं घ्यावा."

अ‍ॅसिटेट असलं तर वेगळाच गोड वास सुटणारी ही चाचणी मला येत होती, त्या वेळी सुचली नव्हती एवढंच. टेस्ट ट्यूबमध्ये पूड टाकली, स्पिरिट घातलं, अ‍ॅसिडचे थेंब सोडले आणि लोमेशभाऊंनी न सांगता स्टँड धरला. गरम पाण्यात ट्यूब ठेवली. सगळी बॅच भोवती गोळा झाली होती. परीक्षक मोठ्या नाखुशीनं खुर्चीतून उठले आणि त्या दिवसात पहिल्यांदा एका टेबलापाशी आले. वाकले. मागे झाले. पुन्हा वाकले.

"नेलपॉलिश," ते म्हणाले. मग आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते थोडे लाजले. "म्हणजे ईस्टर. अ‍ॅसिटेटच आहे."

मी तिथेच रडले. परीक्षकांनी पुढच्या सगळ्या वादातल्या पुड्या स्वतः उभं राहून तपासून घेतल्या, त्यामुळे कोंबडी थंड झाली आणि राजुऱ्याला उशीर झाला. मार्क त्यांनी आणि सरांनी दार लावून आत बसून दिले. ते आम्हाला कळायचा प्रश्न नव्हता.

घरी जाताना मात्र रडू ओसरलं आणि मला सरांचा राग आला. चांगलाच आला. त्या माणसानं माझं आयुष्य एका बशीत ठेवलं आणि ती बशी परक्याच्या हातात दिली. परीक्षकांना सर्दी असती तर? वाकायला त्यांनी नकार दिला असता तर? एक हो म्हणायला काय जात होतं? नवऱ्याला हे सगळं तावातावानं सांगितलं. तो तिकिटाची मशीन पुसत ऐकत होता. म्हणाला, "त्यायनं हो म्हनलं असतं तं तुले बरं वाटलं असतं. पन मंग अ‍ॅसिटेट होतं का नोतं, हे कधी समजलं असतं का?" मी म्हटलं, मला कळलंच होतं. तो म्हणाला, हो, तुले.

दोन दिवसांत गावभर झालं, की केमिस्ट्रीवाल्याला वास येत नाही. सरांनी ज्याची धास्ती घेतली होती ते नावही पडलं. लोमेशभाऊ सांगत होते, की सर अकराच्या पोरांसमोर गेले आणि म्हणाले, हो, मी बिननाक्या आहे, आता वही काढा. पोरांचा पुरता हिरमोड झाला. आठवड्याभरात ते नाव मागे पडलं, कारण ज्याला चिडवायचं तो चिडतच नव्हता.

निकाल लागला. मला दुसरा वर्ग मिळाला. मिळाला म्हणजे कसा, तर उंबरठ्यावर चवड्यांवर उभं राहावं तसा. आणखी एक मार्क कमी असता, तरी तिसऱ्यातच राहिले असते. मार्कशीट घेऊन मी कॉलेजात गेले. सर प्रयोगशाळेत एकटेच होते, बाटल्यांना नवी लेबलं चिकटवत बसले होते. मी पाया पडले. राग कधीच निवला होता, तरी एक खडा मनात होताच. मी म्हटलं, सर, काठावर वाचले. तुम्हाला ठाऊक होतं ना, माझ्यासाठी त्या प्रॅक्टिकलवर काय टांगलेलं होतं?

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "साहेब तुमाले पूरे मार्क देऊन राह्यले होते. म्या दोन कापाले लावले."

त्यांनी डिंकाचं बोट फडक्याला पुसलं आणि मला नीट समजावून सांगितलं, की ईस्टर टेस्ट मी आपल्या बुद्धीनं केली नव्हती, त्यांनी सांगितल्यावर केली. सांगितल्याचे मार्क नसतात.

माझा आवाज चढला. म्हटलं, "सर, अजून एक कापला असता तं मी घरी बसली असती. सगळंच गेलं असतं माझं."

सरांनी मान वर केली. त्यांना माझं बोलणं खरंच कळलेलं दिसत नव्हतं.

"अजून एक कसा कापनार?" ते म्हणाले. "अजून काही चुकलंच नोतं तुमचं."